घरातला हलता आडोसा: बडोद्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातला जुना वाडा असो, मांजलपूरचं टेनामेंट असो की वाघोडिया रोडवरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, मोजमाप घ्यायला गेलं की मला बहुतेक घरांत तेच प्रश्न ऐकू येतात. खोल्या तेवढ्याच राहतात आणि माणसांच्या गरजा बदलतात. आई आजारी पडते, मुलगी बारावीला जाते, जावई घरून काम करू लागतात. भिंत घालणं शक्य नसतं, आणि पुष्कळदा घालूही नये. अशा घरांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत.

पार्टिशन घ्यायचं ठरलं आहे. सुरुवात कुठून करू?

दुकानातून नको. आधी घरात बसून एकच गोष्ट ठरवा: अडवायचं काय आहे? नजर, आवाज, उजेड, वारा की स्वयंपाकघरातला वास? हलतं पार्टिशन नजर छान अडवतं आणि उजेड बऱ्यापैकी अडवतं. आवाज मात्र फार कमी अडवतं, आणि वारा तर नको असताना अडवतं. हे पाच वेगळे केले नाहीत, तर पैसे एका कामाचे जातात आणि अपेक्षा दुसऱ्याच कामाची राहते.

दुसरं, ते दिवसातून किती वेळा हलणार? रोज सकाळ-संध्याकाळ हलवायचं असेल तर एका हाताने, अर्ध्या मिनिटात हललं पाहिजे. तसं नसेल तर महिनाभरात ते कुठेतरी अर्धवट उघडं उभं राहतं आणि त्याला वाळायचे कपडे लटकू लागतात. गणपतीत आणि दिवाळीत पाहुणे आले की दोनदाच हलवायचं असेल, तर जड असलं तरी चालेल.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या माणसासाठी हा आडोसा आहे, त्याला तो स्वतः लावता आणि उघडता येईल का? दुसऱ्याला हाक मारून मिळणारा एकांत अर्धाच असतो.

पार्टिशन लावल्यावर टीव्हीचा आवाज मुलीच्या अभ्यासाला येणार नाही ना?

येईल. सगळ्यात जास्त निराशा इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आवाज दोन गोष्टींनी अडतो: वजनाने आणि फट बुजवण्याने. कापडाला वजन नसतं, आणि घडीच्या पार्टिशनला वर, खाली, दोन्ही बाजूंना फटी असतात. दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच पार्टिशन धरा, म्हणजे नव्वद चौरस फूट. त्याच्याखाली सबंध लांबीभर एक इंच फट राहिली, तर ती पाऊण चौरस फुटाच्या थोडी वर, म्हणजे जवळजवळ एक टक्का भरते. एवढी एक टक्का फट राहिली की वरचं पार्टिशन कितीही जाड करा, एकूण अडवणूक साधारण २० डेसिबलच्या पुढे जात नाही. साधं बोलणं तीन फुटांवर साधारण ६० डेसिबलचं असतं. त्यातून २० गेले तरी ४० उरतात, आणि रात्रीच्या शांत घरात तेवढ्यात शब्द कळतात. हे झालं छतापर्यंत पोचणाऱ्या पार्टिशनचं. सहा फुटी घडीचं पार्टिशन असेल, तर आवाज त्याच्यावरून सरळ पलीकडे जातो.

हॉटेलांच्या मोठ्या हॉलमध्ये सरकत्या भिंती असतात, त्या आवाज अडवतात. पण त्या आतून भरीव आणि जड असतात. बंद केल्यावर त्यांच्या वरच्या-खालच्या कडेच्या रबरी पट्ट्या दाबून बसवतात, आणि तेवढं वजन पेलायला वर लोखंडी आधार लागतो. साध्या फ्लॅटमध्ये तो खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? टीव्ही अभ्यासाच्या बाजूच्या भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर न्या. मुलीचं टेबल असं ठेवा की तिची पाठ पार्टिशनकडे न राहता बाजू राहील. पार्टिशनच्या जागी पुस्तकांनी भरलेलं, मागून बंद असलेलं कपाट ठेवा, ते पडद्यापेक्षा पुष्कळ बरं. जाड पडदा, सतरंजी आणि गाद्या यांनी खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, कानाला मऊ वाटतं. पण घुमणं कमी होणं वेगळं आणि पलीकडचा आवाज अडणं वेगळं. दुकानदार या दोन गोष्टी एकच म्हणून विकतात. बोर्डाची परीक्षा असेल त्या तीन महिन्यांत टीव्हीला हेडफोन लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि खरा उपाय आहे.

आईची कॉट हॉलमध्ये ठेवावी लागणार आहे. तिच्यासाठी कोणतं पार्टिशन घ्यावं?

छताच्या ट्रॅकवरचा पडदा. दुसरं काही नको.

माझ्या आईच्या वेळी आम्ही घाईघाईत चार फळ्यांचं सुंदर घडीचं पार्टिशन आणलं होतं. आठवड्याभरात कळलं की ते चुकलं. त्याचे कोपरे पुढे येत, वॉकर त्यात अडकायचा. रात्री बाथरूमला नेताना ते आधी बाजूला ढकलावं लागायचं. आणि आईला ते बिछान्यातून हलवता येत नव्हतं. बेडपॅन द्यायच्या वेळी दारात कुणी आलं की ती डोळे मिटून घ्यायची. तेव्हा आम्ही इस्पितळात असतो तसा एल आकाराचा ट्रॅक बसवला. तिच्या उशाशी पडद्याला एक लांब काठी लावली, तिने ती ओढली की पडदा सरकायचा. त्या दिवसापासून पडदा कधी लावायचा हे ती ठरवू लागली.

मोजमाप असं धरा. पलंग तीन फूट रुंद आणि साडेसहा ते सात फूट लांब असतो. ज्या बाजूने उचलायचं-बसवायचं, त्या बाजूला पडदा आणि पलंग यांच्यात तीन फूट मोकळे हवेत. व्हीलचेअर असेल तर ती वळायला पाच फुटांचा गोल लागतो. तेवढी जागा पडद्याच्या आत मिळाली नाही, तर पडदा उघडून मिळेल अशी व्यवस्था करा.

पडद्याच्या वरचा दीड फूट जाळीचा ठेवा, म्हणजे पंख्याचा वारा आत येतो. खाली चार-पाच इंच मोकळे सोडा. पोछा मारता येतो, कड ओली होत नाही आणि चाकात कापड अडकत नाही. कापड मिश्र सुती घ्या, वारंवार धुता येईल असं. दोन जोड शिवा, एक धुवायला गेला तरी आई उघडी पडता कामा नये.

आणि पलंग भिंतीकडे तोंड करून लावू नका. खिडकी किंवा घराचं दार तिला पडून दिसलं पाहिजे. पडदा उघडा असतो तेव्हा ती घरात असते. कोण आलं, कोण गेलं, भाजी कोणती आली, हे तिला दिसू द्या.

हॉलमध्ये झोपाळा आहे. तो काढावा लागेल का?

बडोद्यात हा प्रश्न हमखास येतो. शक्यतो काढू नका. कुणाला तरी बसवून नेहमीसारखा झोका घ्यायला सांगा. पाय लांब केल्यावर ते पुढे कुठवर जातात आणि पाट मागे कुठवर जातो, ते फरशीवर खडूने आखा. त्या रेघेच्या बाहेर एक फूट सोडून पार्टिशन. जागा पुरत नसेल तर झोपाळा आडवा फिरवता येतो का पाहा, म्हणजे पार्टिशनच्या समांतर झोका जाईल. पितळी कड्यांचा जुना झोपाळा असेल तर पाट काढून कड्या वर अडकवून ठेवण्याची सोय असते. पार्टिशन रात्रीपुरतंच हवं असेल तर तेवढं पुरतं.

मात्र पडद्याचा ट्रॅक झोपाळ्याच्या हुकाला किंवा त्याच्या दांड्याला जोडू नका. झोक्याचा हिसका ट्रॅकचे स्क्रू सैल करतो.

घडीचं पार्टिशन किती फळ्यांचं आणि किती उंच घ्यावं?

घडीचं पार्टिशन नागमोडी उभं राहतं म्हणून पडत नाही. सरळ केलंत की कलंडलं. त्यामुळे दुकानात सांगतात ती पूर्ण रुंदी तुम्हाला कधीच मिळत नाही. दीड फुटाच्या चार फळ्या म्हणजे कागदावर सहा फूट. प्रत्येक फळी सरळ रेषेपासून ३० अंश वळवली तर सव्वापाच फुटांच्या आसपास जागा झाकली जाते. ४५ अंश वळवली तर सव्वाचार फूटच. वळण वाढलं की पाया रुंद होतो आणि ते घट्ट उभं राहतं. म्हणून झाकायच्या जागेपेक्षा किमान एक फळी जास्त घ्या.

उंचीचं साधं आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर चार फुटांच्या आसपास असते आणि उभ्याची पाच-सव्वापाच. कामाचं टेबल वेगळं दिसावं एवढंच हवं असेल तर साडेचार फूट पुरे. त्यात खोलीही कोंदट होत नाही. कपडे बदलायचे असतील तर सहा फूट हवेत.

पडद्याला कापड किती लागेल?

जागेच्या रुंदीच्या दुप्पट धरा. दीडपटीत निभतं, पण चुण्या विरळ पडतात आणि मध्ये फट दिसते. दहा फुटांच्या जागेला वीस फूट, म्हणजे ४८ इंची पन्ह्याचे पाच पन्हे. उंची नऊ फूट असेल तर वरखाली दुमडीसाठी एक फूट जास्त, म्हणजे दहा फुटांचे पाच तुकडे: पन्नास फूट, पंधरा मीटरच्या थोडं वर. कापड सुती असेल तर शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या. आटायचं ते आधीच आटू दे.

सरकतं पार्टिशन वर टांगायचं की खाली रुळावर चालवायचं?

वर टांगलेलं नेहमी चांगलं. खालच्या रुळात धूळ, केस आणि तांदळाचे दाणे साचतात, आणि म्हातारी माणसं त्याला अडखळतात. पण टांगायला वर काय आहे ते आधी पाहा. स्लॅब किंवा बीम असेल तर अँकर बोल्ट घेतो. फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नये. ट्रॅक तिच्यावरून मूळ स्लॅबला धरला पाहिजे, आणि हे काम सीलिंग बसवण्याआधी करावं लागतं.

रावपुरा-मांडवीकडच्या जुन्या घरांत छत लाकडी असतं. तिथे तुळई शोधा आणि तिलाच धरा. मधल्या फळीला धरलेला स्क्रू आज बसतो आणि दोन पावसाळ्यांनी सुटतो. तुळई ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा बारीक भुसा पडला, तर वाळवीचा बंदोबस्त आधी आणि पार्टिशन नंतर.

वजनाचाही अंदाज घ्या. सहा फूट बाय दीड फुटाची १८ मिलिमीटर प्लायची एक फळी साधारण दहा किलो भरते, चार फळ्या म्हणजे चाळीस. लाकडी चौकटीवर कापड किंवा वेत ताणला तर वजन बरंच उतरतं.

घर भाड्याचं आहे, भोक पाडायला परवानगी नाही.

मग तीन पर्याय उरतात: घडीचं पार्टिशन, चाकांवरचं कपाट, किंवा दोन भिंतींमध्ये ताण देऊन बसणारा रॉड. रॉड चार-पाच फुटांपर्यंत ठीक, त्यापुढे मध्ये वाकतो आणि एखाद्या रात्री पडद्यासकट खाली येतो. कपाटाला चारही चाकं ब्रेकची घ्या आणि जड पुस्तकं खालच्या खणात ठेवा. कोटा फरशीवर प्लास्टिकची कडक चाकं खडखडतात, रबरी घ्या.

सयाजीगंज-फतेगंजकडे एका खोलीत दोघी-तिघी राहणाऱ्या विद्यार्थिनींनाही मी घडीचं पार्टिशनच सुचवते. घर बदललं की टेम्पोत बरोबर नेता येतं.

पार्टिशन लावल्यावर उकडणार नाही का?

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हा प्रश्न आवाजाइतकाच महत्त्वाचा. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना पंखा किंवा खिडकी यांपैकी काहीतरी हवंच. एका बाजूला काहीच नसेल, तर छतापर्यंत बंद पार्टिशन करू नका. वरचा दीड-दोन फूट मोकळा किंवा जाळीचा सोडा. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट फिरतं. पडद्याचा ट्रॅक त्याच्या बराच बाहेर हवा, नाहीतर फुगलेलं कापड पात्यात जातं.

एसी असेल तर उलटा विचार. थंड हवा एका बाजूला ठेवायला जमिनीपर्यंत पोचणारा पडदा उपयोगी पडतो, कारण थंड हवा खालूनच निसटते.

वेताचं किंवा पातळ कापडाचं पार्टिशन लावलं तर पलीकडून दिसेल का?

उजेड कुठे आहे त्यावर ठरतं. उजेडातल्या माणसाला जाळीतून अंधारातलं दिसत नाही, आणि अंधारातल्याला उजेडातलं सगळं दिसतं. जुन्या वाड्यांच्या जाळ्यांमागे बसून बायका रस्ता बघायच्या त्या याच जोरावर. रात्री हेच उलटतं. तुमच्या बाजूला दिवा आणि पलीकडे अंधार असेल, तर पातळ पडद्यावर तुमची पूर्ण सावली उमटते. कपडे बदलायच्या जागेला अस्तराचं कापड लावा आणि दिवा तुमच्या मागे न ठेवता पडदा आणि तुम्ही यांच्यामध्ये, वर ठेवा. विकत घेण्याआधी रात्री चादर धरून एकदा बघून घ्या. आंतरपाट धरतात तशी दोघांनी धरली की दोन मिनिटांत समजतं.

प्लाय, एमडीएफ, पीव्हीसी यांत काय घ्यावं?

तळमजल्यावर राहत असाल तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, नकोच. २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं त्या घरांतून मी फिरले आहे. एमडीएफच्या फळ्या पाणी पिऊन पावासारख्या फुगल्या होत्या आणि वाळल्यावरही तशाच राहिल्या. सागाच्या जुन्या चौकटी धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा उभ्या राहिल्या. नदीजवळच्या वस्तीत मी छताचा पडदा किंवा उचलून माळ्यावर टाकता येईल असं हलकं पार्टिशनच सांगते.

वरच्या मजल्यावर प्लाय चालेल. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा मरीन प्लाय पाण्याला सगळ्यात टिकतो. आयएस ३०३ मध्ये बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) लिहिलेला घ्या, साधा एमआर दमट हवा सोसतो, पाणी नाही. शिक्का फळीवर स्वतः वाचा.

पीव्हीसीचा घडीचा दरवाजा स्वस्त आणि हलका असतो. मोरी किंवा कोठीच्या खोलीला ठीक आहे. माणसाच्या झोपण्याच्या जागेला मी लावत नाही. रात्री उघडताना तो खडखड वाजतो आणि सगळं घर जागं होतं.

संखेड्याचं काम पार्टिशनमध्ये वापरता येईल?

जरूर! आता छोटा उदेपूर जिल्ह्यात असलेलं संखेडा पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होतं, आणि तिथले खरादी, म्हणजे लाकूड कांतणारे कारागीर, सागाच्या लाकडावर लाखेचं काम करतात. ती सोनेरी झाक सोन्याची नसते. कथलाच्या रंगावर लाखेचा पारदर्शक थर चढला की ती येते. कांतलेल्या दांड्यांची चौकट खोलीचे दोन भाग छान दाखवते, वाराही येऊ देते. पण दांड्यांमधून दिसतं. म्हणून बैठक आणि जेवणाची जागा वेगळी करायला घ्या, झोपण्याच्या जागेला मागून कापड लावावं लागेल. आणि उन्हात ठेवू नका, स्वयंपाकघराच्या धगीजवळ तर नाहीच. लाख उष्णतेने मऊ पडते.

भाऊ-बहीण एका खोलीत आहेत. खोली कशी वाटू?

मधोमध रेघ मारू नका. एकाला खिडकी आणि दुसऱ्याला दार मिळालं की भांडण सुरू होतं, आणि दार ज्याच्या बाजूला त्याला एकांत मिळतच नाही, कारण दुसरा त्याच्यातूनच जातो. आधी दारापासून तीन फुटांची सामाईक वाट सोडा आणि उरलेल्या जागेत पार्टिशन खिडकीला काटकोनात लावा, म्हणजे खिडकीचा अर्धा भाग दोघांनाही येतो. प्रत्येकाला स्वतःचा दिवा आणि स्वतःचा प्लग हवा. मुलगी मोठी होत असेल तर पडदा ओढायची दोरी तिच्या बाजूला द्या.

लहान मुलं आणि देवघर असताना काय काळजी घ्यावी?

रांगतं-चालतं मूल घरात असेल तर मोकळं उभं राहणारं घडीचं पार्टिशन आणू नका, किंवा एका टोकाची फळी भिंतीला पट्टीने धरून ठेवा. बिजागऱ्यांच्या फटीत बोटं सापडतात, तिथे कापडाची बिजागरी बरी. समई आणि निरांजनापासून पडदा वाऱ्याने उडाला तरी पोचणार नाही इतका लांब हवा. गणपतीच्या मखरामागे कृत्रिम धाग्याचा पडदा सोडतात, ते तर टाळाच. तो पेटला की वितळून अंगाला चिकटतो. रात्री बाहेर पडायच्या वाटेत पार्टिशन आडवं येता कामा नये.

सुताराला मापं कशी द्यायची?

रुंदी तीन ठिकाणी घ्या: जमिनीलगत, कमरेच्या उंचीला आणि छतालगत. जुन्या घरांत या तीन मापांत इंचभर फरक सहज निघतो. सर्वांत कमी माप सुताराला द्या आणि उरलेली फट लाकडी पट्टीने झाकायला सांगा. उंचीही दोन्ही टोकांना मोजा, बाल्कनीकडे फरशीला उतार असतो. पार्टिशन बाजूला सारल्यावर कुठे जाऊन थांबणार, ती जागाही मोजा. तिथे स्विचबोर्ड असेल तर रोज हात पार्टिशनमागे घालावा लागेल. भाव विचारताना ट्रॅक, चाकं आणि बिजागऱ्या धरून किती आणि सोडून किती, असे दोन आकडे मागा. पैसे वाचवायचे असतील तर लाकडात आणि सनमायकात वाचवा, चाकांत नाही.